बाकीचा रकाना

वार्डोला नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्य जातो
आणि पुढे दीड-दोन महिने फिरकत नाही.
मी अकरा वर्षांचा, मासळीच्या कारखान्यात
कॉड मोजून पेट्यांत भरणारा पोऱ्या.
राग्नफ्रीड हिशेबनीस.
रोज संध्याकाळी तिचा एकच प्रश्न: "उरले किती?"
कारण मासे पेट्यांच्या हिशेबानं मरत नाहीत.
उरायचे तीन, उरायचे सात,
ते आमच्या घरी यायचे.

त्या वर्षी यंत्राचा एक सुटा भाग आला
कुठल्याशा मासिकाच्या पानात गुंडाळून.
तेलानं आरपार झालेलं ते पान
तिनं शेगडीवर वाळवलं.
त्यात एक संख्या होती:
दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख
त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस.
एकतीस दोन एकमेकांत गुणायचे
आणि वरून एक काढून घ्यायचा.
हिला कुणी नि:शेष भागू शकतं का,
हे पाहायची रीतही होती, पाककृतीसारखी:
चार घ्या. वर्ग करा. दोन वजा.
आलेल्याचा पुन्हा वर्ग, पुन्हा दोन वजा.
फार फुगलं तर त्या मोठ्या संख्येनं भागा,
भागाकार फेकून द्या, बाकी ठेवा.
असं एकोणतीस वेळा.
शेवटी शून्य उरलं, तर ती मूळ संख्या.

उरलं का, ते पानाच्या फाटलेल्या भागात.

चार. चौदा. एकशे चौऱ्याण्णव.
सदतीस हजार सहाशे चौतीस.
इथवर तिनं मला करू दिलं.
मग म्हणाली, "जा, झोप. आता भरती येईल."

रात्रीला एक पायरी.
आकडे टेबलाच्या कडेपर्यंत जायचे,
कागद वळवून पुन्हा निघायचे.
हातचा ती खरंच हातात धरायची,
डावी मूठ मिटून,
उघडली तर उडून जाईल असा.

नाताळच्या तोंडावर एकोणतिसावी पायरी.
शून्य नाही.
नऊ आकड्यांचं काहीतरी, तोंड वासून पडलेलं.
"एक तर ही चुकली, नाही तर मी.
ही कुठे जाणार चुकायला."
मागे जाता जाता सापडलं:
अकराव्या रात्री हातचे दोन, घेतलेला एक.
त्यापुढच्या अठरा रात्री
चुकीच्या संख्येचे अगदी बिनचूक वर्ग.

पहिल्या दहांवरही मग तिचा भरवसा राहिला नाही.
पुन्हा चारापासून.

जानेवारीत किल्ल्यावर तोफ झाली, सूर्य आला म्हणून.
शाळेला सुट्टी. आम्ही टेकडीवर धावलो.
राग्नफ्रीड बाविसाव्या पायरीवर होती.
खिडकीत उजेड आला तसा तिनं दिवा विझवला,
मान वर केली नाही.

अठ्ठाविसाव्या रात्री तिनं मला उठवलं.
"बघ."
पासष्ट हजार पाचशे छत्तीस.
एवढीशी!
इतक्या जंगी भागाकारांतून आलेली
आणि अंगावर ओरखडा नाही;
सोळा दोनांची, घरातल्या माणसासारखी ओळखीची.
तिचा वर्ग म्हणजे बत्तीस दोन.
त्यातून दोन गेले
की उरते त्या मोठ्या संख्येची बरोब्बर दुप्पट.
कागद लागलाच नाही.

तिनं कारखान्याची वही ओढली
आणि त्या दिवसाच्या ओळीत,
बाकीच्या रकान्यात, शून्य लिहिलं.
त्या दिवशी चार मासे उरले होते.
वसंतात तपासनीस आला, त्यानं ते मागितले.
तिनं पदरचे पैसे भरले, खाडाखोड केली नाही.

पुढे मी त्रोंडहाइमला शिकायला गेलो.
तिथे कळलं, ती संख्या मूळ असल्याचं
पावणेदोनशे वर्षांपूर्वीच सिद्ध झालंय.
हेही कळलं, की नुसत्या शून्य-एकात लिहिली
तर ती एकतीस एक, खांद्याला खांदा लावून,
मध्ये शून्याला शिरायला फट नाही;
आणि तिच्या लगतची थोरली शेजारीण
निव्वळ दोनांची,
कुठेही हात लावा, अर्धी होते.

तिला कळवावं की नाही, यात दोन आठवडे गेले.
मग कळवलं.
पोस्टकार्ड आलं:
"म्हणजे माझं बरोबर आलं."
आणि खाली, बारीक अक्षरात:
"यंदा कॉड कमी. उरतात मात्र तेवढेच."